मिनेसोटात पहिल्यांदा गळ टाकताय? मग हे वाचून निघा

मिनेसोटात नवीन आलेल्या माणसाला मे महिन्यात एक गंमत बघायला मिळते. एका शुक्रवारी दुपारी अर्धं ऑफिस गायब होतं आणि हायवेवर उत्तरेकडे बोटी ओढत निघालेल्या ट्रकांची रांग लागते. दुसऱ्या दिवशी ओपनर असतो. वॉलाय नावाच्या माशाचा सीझन त्या शनिवारी उघडतो, मेमोरियल डेच्या वीकेंडच्या दोन आठवडे आधी, आणि इथल्या लोकांसाठी तो जवळजवळ सणच, राज्याचे गव्हर्नर पण त्या दिवशी गळ टाकायला जातात. हे सगळं बघून आपल्याला वाटतं की फिशिंग म्हणजे बोट पाहिजे, ट्रक पाहिजे, हजारभर डॉलरचं सामान पाहिजे. काहीही नको. पहिला पूर्ण सीझन बोटीशिवाय, घरापासून पंधरा-वीस मिनिटांवरच्या एखाद्या लाकडी पिअरवरून, म्हणजे पाण्यात गेलेल्या धक्क्यावरून, सनफिश नावाच्या तळहाताएवढ्या माशावर काढायचा असं माझं सरळ मत आहे, आणि हा लेख पण त्याच हिशोबाने लिहिलाय. वॉलाय हा राज्याचा अधिकृत मासा, १९६५ पासून, सगळे त्याच्याच गोष्टी सांगतात, पण नवख्याला तो सहसा सापडत नाही आणि दोन-तीनदा रिकाम्या हाताने आलात की रॉड कायमचा कपाटात जातो. सनफिश सापडतो. मुलांना पण सापडतो.

पायरी १ : लायसन्स, आणि इथे शॉर्टकट नाही

१६ वर्षं पूर्ण झालेल्या कुणीही रॉड हातात धरायचा तर लायसन्स लागतं. मासा ठेवणार नाही, लगेच सोडून देणार, तरी लागतं. आपल्यातले बरेच शाकाहारी लोक इथेच चुकतात, त्यांना वाटतं आपण कुठे खाणारोत, आपल्याला कशाला हवंय लायसन्स. नियम पकडण्याला आहे, खाण्याला नाही.

लायसन्स देतं राज्याचं डीएनआर, म्हणजे नैसर्गिक साधनसंपत्ती खातं. त्यांच्या साइटवर मिळतं, नाहीतर बेट शॉपमध्ये (आमिषाच्या दुकानात), वॉलमार्टमध्ये, फ्लीट फार्ममध्ये काउंटरवर मिळतं. रेसिडेंटचं वर्षाचं लायसन्स २५ डॉलरच्या आसपास. वर्ष म्हणजे १ मार्च ते फेब्रुवारीअखेर, म्हणून जानेवारीत घेताना नीट विचार करा, दोन महिन्यांत संपेल. रेसिडेंट म्हणवून घ्यायला सलग ६० दिवस इथे राहिलेले असायला हवे आणि चालू पत्त्याचं मिनेसोटाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी हवं. गेल्याच महिन्यात टेक्सासहून बदली होऊन आला असाल तर सध्या तुम्ही नॉन-रेसिडेंट. फुल-टाइम स्टुडंट असाल आणि शाळेच्या वर्षात इथेच राहत असाल तर मात्र बाहेरचे असूनही रेसिडेंट लायसन्स मिळतं, फक्त कॉलेजचा आणि राहण्याचा पुरावा जवळ ठेवा.

आता आपल्या घरांमधला खास प्रश्न. उन्हाळ्यात आई-बाबा येतात, बाबांना (विशेषतः ते कोकणातले असतील तर) पाणी दिसलं की हात शिवशिवतात. ते नॉन-रेसिडेंट, वय कितीही असो, त्यांना त्यांचं वेगळं लायसन्स पाहिजे. वर्षाचं घ्यायची गरज नाही, २४ तासांचं, ७२ तासांचं, सात दिवसांचं अशी छोटी लायसन्सं मिळतात. "जरा धरा हो बाबा, मी फोटो काढतो" यात पण गोची होऊ शकते, गळ पाण्यात असेल तर मासेमारी चालू आहे असंच धरतात.

फुकटची सोय पण आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. मिनेसोटाच्या रहिवाशांना बहुतेक स्टेट पार्कांमध्ये काठावरून गळ टाकायला लायसन्स लागत नाही (ट्राउटच्या पाण्यात वेगळे नियम आहेत, तिथे ट्राउट स्टॅम्प लागतो). पार्कात गाडी न्यायचं परमिट तेवढं घ्यावं लागतं, दिवसाचं ७ डॉलर, वर्षाचं ३५. आवडतंय की नाही हे बघायला हा सगळ्यात स्वस्त रस्ता, शिवाय काही पार्कांच्या ऑफिसात रॉड उसने पण देतात, जायच्या आधी फोन करून विचारा. याशिवाय मदर्स डेच्या वीकेंडला इथे राहणाऱ्या आयांना लायसन्स माफ, आणि जूनच्या सुरुवातीला एक वीकेंड असा येतो की १५ वर्षांपर्यंतच्या मुलाला सोबत घेऊन गेलात तर मोठ्यांना पण माफ.

लायसन्स घेताना नियमांची पुस्तिका पण घ्या, फुकट असते आणि दरवर्षी नवी निघते. अख्खी वाचायची गरज नाही. आपला भाग, आपला मासा, आणि मागे तलावांच्या नावांची यादी असते त्यात आपला तलाव आहे का, एवढं बघायचं. यादीत असेल तर त्या तलावाचे नियम राज्याच्या नियमांपेक्षा वेगळे आहेत. मिल लॅक्स हे त्याचं मोठं उदाहरण, तिथल्या वॉलायचे नियम सतत बदलतात, कधी सीझनच्या मध्येच. आणि उत्तरेला रेड लेकचा बराचसा भाग रेड लेक नेशनचा आहे, तिथे राज्याचं लायसन्स चालत नाही, त्यांच्या परवानगीशिवाय त्या पाण्यात जायचं नाही.

पायरी २ : पाणी निवडा

दहा हजार तलावांचं राज्य म्हणतात ते खरं तर कमीच सांगतात, १० एकरांपेक्षा मोठे तलाव मोजले तर ११,८४२ भरतात. त्यामुळे कुठला हा प्रश्न पडणारच. उत्तर : जवळचा, आणि ज्याला फिशिंग पिअर आहे तो.

ट्विन सिटीजमध्ये राहत असाल तर मिनियापोलिसमध्ये बदे माका स्का, हॅरिएट, नोकोमिस हे सगळे तलाव शहरातच आहेत, सेंट पॉलला फेलन आणि कोमो. एअरपोर्टच्या बाजूला फोर्ट स्नेलिंग स्टेट पार्क आहे, विमानं डोक्यावरून जातात पण स्नेलिंग लेकचा पिअर छान आहे. डीएनआरचा एक कार्यक्रम आहे फिशिंग इन द नेबरहूड नावाचा, त्यात ते मेट्रोमधल्या छोट्या तळ्यांमध्ये सनफिश, क्रॅपी, बुलहेड आणून सोडतात, खास लहान मुलांसाठी आणि नवख्यांसाठी. ही तळी दिसायला अगदीच साधी असतात, कधी तर अपार्टमेंटच्या मागे शाळेच्या मैदानाला लागून, पण आठ वर्षांच्या मुलाला सुंदर देखावा नको असतो, बॉबर, म्हणजे लाइनला अडकवलेला तरंगता गोळा, बुडायला हवा असतो.

डीएनआरच्या साइटवर लेकफाइंडर म्हणून एक टूल आहे. तलावाचं नाव टाका, खोलीचा नकाशा येतो, मागच्या पाहणीत कुठले मासे किती मिळाले ते येतं, आणि त्या तलावातला कुठला मासा किती वेळा खावा हे पण येतं. हे शेवटचं नक्की बघा, त्याबद्दल पुढे बोलू.

पिअरवर गेलात की आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून कोण काय करतंय ते बघा. सेंट पॉलच्या बाजूला पिअरवर बरेचदा ह्मोंग, कॅरेन लोक असतात, आजी-आजोबा बादल्या घेऊन बसलेले, त्यांना त्या पाण्याची इंच-इंच माहिती असते. हसून विचारलं की सांगतात, पण विचारल्याशिवाय त्यांच्या बॉबरच्या शेजारी आपला गळ टाकू नका, याला इथे फार वाईट समजतात.

पायरी ३ : सामान, आणि दुकानात वाहवत जाऊ नका

स्पिनिंग रॉड आणि रील एकत्र बांधलेला कॉम्बो मिळतो, साडेपाच ते साडेसहा फुटांचा, लाइट किंवा मीडियम-लाइट, तो घ्या. लहान मुलांना बटण दाबून सुटणारं स्पिनकास्ट रील बरं पडतं, लाइनचा गुंता कमी होतो. लाइन चार किंवा सहा पौंडाचा ताण सोसणारी मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनची. बाकी आठ नंबरचे हुक (नंबर जितका मोठा तितका हुक बारीक, हे लक्षात ठेवा, कारण लोक नेमके मोठेच उचलतात), बोटाच्या पेरापेक्षा मोठे नाहीत असे छोटे बॉबर, थोडी स्प्लिट शॉट वजनं, लांब नाकाची पक्कड, नेलकटर, मोजपट्टी. झालं. वजनं शिशाची न घेता टिनची किंवा स्टीलची घ्या, पाण्यात पडलेलं शिसं लून पक्षी गिळतात आणि मरतात, आणि लून हा इथला राज्यपक्षी आहे.

आमिष म्हणजे गांडूळ. नाइटक्रॉलर नावाने डबीत मिळतात, गॅस स्टेशनवर पण मिळतात. अख्खा लावायचा नाही, अर्ध्या इंचाचा तुकडा पुरे, हुकाचं टोक जेमतेम झाकेल इतकाच. लांब शेपटी लोंबत ठेवली की सनफिश तेवढीच तोडून नेतो आणि तुम्ही नुसतंच बॉबर नाचताना बघत बसता. गांडुळाला हात लावायला किळस वाटत असेल किंवा जिवंत प्राणी टोचणं मनाला पटत नसेल तर छोटी प्लास्टिकची जिग, म्हणजे नकली आमिष असलेला हुक, मिळते, तीही चालते, थोडी कमी चालते एवढंच.

फ्रीजमध्ये गांडुळाची डबी ठेवणार असाल तर घरच्यांना आधी सांगा. बाकी मी काही बोलत नाही.

पायरी ४ : गाठ, आणि पाण्यात टाकणं

एकच गाठ शिका, इम्प्रूव्ह्ड क्लिंच. लाइन हुकाच्या डोळ्यातून काढायची, टोकाने मूळ लाइनभोवती पाच-सहा वेढे घ्यायचे, टोक परत डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून आणि मग नवीन झालेल्या मोठ्या फटीतून काढायचं, थुंकी लावून ओलं करायचं आणि हळू आवळायचं. कोरडी आवळली तर घर्षणाने लाइन तापून कमकुवत होते आणि मासा लागला की नेमकी तिथेच तुटते. घरी टीव्हीसमोर बसून जाड दोऱ्यावर आधी सराव करा.

हुकाच्या वर सहा-आठ इंचांवर एक स्प्लिट शॉट चिमटायचा, त्याच्या वर दोन-तीन फुटांवर बॉबर. आता लांब फेकायची सगळ्यांना हौस असते, पण मे अखेर आणि जूनमध्ये सनफिश अंडी घालायला काठाजवळच आलेला असतो, दोन-चार फूट पाण्यात तळाशी गोल गोल खड्डे दिसतात ती त्यांची घरटी. म्हणजे मासा तुमच्या पायाशी आणि तुम्ही त्याच्या डोक्यावरून तीस फूट लांब टाकताय, असं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये तो जरा खोल जातो, पाणवनस्पतींची जिथे कड संपते तिथे, मग बॉबर वर सरकवून पाच-सात फूट खोली ठेवायची. टाकायच्या आधी मागे बघायचं, दर वेळी, पिअरवर मुलं पळत असतात आणि हुक कानात जायला वेळ लागत नाही.

बॉबर थरथरला की लगेच ओढू नका. तो तिरका होऊन सरकायला लागला किंवा गडप झाला की मनगटाने हलका झटका द्या आणि रील फिरवा. दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही तर खोली बदला, तरी नाही तर जागा बदला. वेळ संध्याकाळची, सूर्य मावळायच्या आधीचे दोन तास, किंवा सकाळी लवकर. उन्हाळ्यात एकाला एकच लाइन पाण्यात ठेवता येते हे पण लक्षात असू द्या, दोन रॉड मांडून बसायचं नाही.

पायरी ५ : मासा लागला, आता काय

हात आधी ओला करा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं संरक्षण असतो. सनफिशच्या पाठीचा पंखा काटेरी असतो, डोक्याकडून शेपटीकडे हात सरकवत काटे खाली दाबून धरायचा. बुलहेड आला, म्हणजे मिशावाला, आपल्या शिंगाळ्याचाच लांबचा नातेवाईक, तर जास्त जपून, त्याचे तीन काटे कडक असतात आणि टोचले की बराच वेळ ठणकतं. नॉर्दर्न पाइक लागला तर बोटं तोंडाजवळ नेऊच नका, दात बघितलेत की कळेल. पक्कडीने हुक ज्या दिशेने गेला त्याच्या उलट फिरवून काढायचा. हुक गिळलेला असेल तर खेचाखेच न करता लाइन हुकाजवळ कापा.

ठेवायचा की सोडायचा ते तिथल्या तिथे ठरवा. राज्याचे साधारण आकडे असे : सनफिश २०, क्रॅपी १०, यलो पर्च दिवसाला २०, वॉलाय ६ आणि त्यात २० इंचांहून मोठा एकच. पण काही तलावांत सनफिशची मर्यादा ५ किंवा १० वर आणली आहे, म्हणून पुस्तिकेतली ती यादी बघायची. नॉर्दर्न पाइकचं तर राज्याचे तीन झोन पाडून प्रत्येकाला वेगळा नियम केलाय, २०१८ पासून, दक्षिणेकडे २४ इंचांपेक्षा छोटा ठेवता येत नाही, आणि उत्तर-मध्य झोनमध्ये उलट २२ ते २६ इंचांमधला प्रत्येक सोडावा लागतो. मस्की तर ५४ इंचांच्या खाली ठेवायचाच नाही, म्हणजे पहिलीतल्या मुलाएवढा मासा पण "लहान आहे" म्हणून सोडायचा. घरच्या फ्रीझरमधले मासे पण तुमच्या मर्यादेत मोजतात, आज २० आणि उद्या परत २० असं सनफिशचं चालत नाही.

सनफिशची मर्यादा का कमी केली त्याची गोष्ट मला फार आवडते. घरट्याची राखण मोठा नर करतो. लोक काय करतात, ताटात चांगला दिसतो म्हणून नेमका तोच मोठा नर उचलतात. मोठे नर संपले की छोट्या नरांना वाढत बसायची गरज राहत नाही, ते लहान वयातच अंडी-पिल्लांच्या मागे लागतात आणि सगळी ताकद त्यात घालवतात, वाढ तिथेच खुंटते. काही वर्षांनी अख्ख्या तलावात चार-चार इंचांचेच सनफिश उरतात. त्यामुळे आठ-नऊ इंचांचा दणकट सनफिश लागला की फोटो काढा आणि सोडा, सहा-सात इंचांचे खायला न्या. चवीत काही फरक नाही.

डीएनआरचे कॉन्झर्वेशन ऑफिसर कधीही येऊन लायसन्स बघू शकतात, कूलर उघडायला सांगू शकतात, मासे मोजू शकतात. घाबरण्यासारखं काही नसतं, बहुतेक वेळा नीट बोलतात, आणि शंका असली तर त्यांनाच विचारून घ्या.

पायरी ६ : घरी आणून खायचा कसा

आता खरी गोष्ट. आपल्यातले समुद्राच्या माशावर वाढलेले लोक गोड्या पाण्याच्या माशाला नाक मुरडतात, "चिखलाचा वास येतो". येतो, जर मासा उन्हात बादलीत दोन तास मेलेला पडला असेल तर. कूलरमध्ये बर्फ भरून न्या, ठेवायचा मासा लगेच बर्फात, मग बघा. थंड स्वच्छ पाण्यातला सनफिश गोडसर आणि घट्ट असतो, मांदेली-पापलेटची सर येणार नाही हे मान्य, पण राहू-कटलापेक्षा मला तरी जास्त आवडतो.

इथले लोक त्याचे फिले काढतात आणि निम्मं मांस काट्याबरोबर कचऱ्यात जातं. आपण आख्खा करायचा. चमच्याने शेपटीकडून डोक्याकडे खवले खरवडा (सिंकमध्ये पाण्याखाली धरून, नाहीतर खवले महिनाभर स्वयंपाकघरात सापडत राहतील), पोट चिरून साफ करा, डोकं काढा, दोन्ही अंगांना तिरक्या चिरा द्या. मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास, आगळ नसेल तर लिंबू. मग आलं-लसूण-मिरची वाटण, मालवणी मसाला किंवा साधं लाल तिखट, आणि रवा-तांदळाच्या पिठात घोळवून कमी तेलात दोन्हीकडून कुरकुरीत. अपार्टमेंटमध्ये स्मोक अलार्म वाजतो, हा मुख्य प्रॉब्लेम. पॅटिओवर किंवा पार्कातल्या ग्रिलवर तवा ठेवून केलं तर शेजारी चौकशीला येतात, तक्रारीला नाही.

वॉलाय मिळालाच कधी, तर त्याचं काट्याविना पांढरं मांस रस्स्यात टाकायचा मोह टाळा, विरघळून जातं, तळाच. नॉर्दर्न पाइकमध्ये वाय आकाराचे बारीक काटे असतात, म्हणून बरेच जण तो ठेवत नाहीत, पण ज्यांनी लहानपणी भिंग किंवा पाला खाल्लाय त्यांना ते काय जड जाणार.

किती खायचा हे मात्र गंभीरपणे घ्या. इथल्या माशांमध्ये पारा असतो, काही पाण्यांमध्ये पीफास नावाची रसायनं पण आहेत. वॉलाय, पाइक असे दुसरे मासे खाणारे, मोठे, म्हातारे मासे पारा जास्त साठवतात, सनफिश आणि क्रॅपीत तो कमी असतो. गरोदर बाई, गरोदर राहू शकणारी बाई, १५ वर्षांखालची मुलं यांच्यासाठी राज्याच्या आरोग्य खात्याने वेगळा तक्ता दिलाय, तलावानुसार. पारा मांसात असतो, चरबीत नाही, त्यामुळे कातडी काढून किंवा जास्त शिजवून जात नाही.

उरलेली डोकी-आतडी परत तलावात टाकायची नाहीत, ते बेकायदेशीर आहे. पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी सकाळी बाहेर काढा, उन्हाळ्यात हे एकदा विसरलात की परत विसरणार नाही.

पायरी ७ : बोट, कयाक, आणि तो प्लग

दुसऱ्या वर्षी कयाक किंवा भाड्याच्या बोटीचा विचार करा. १० फुटांपेक्षा लांब कनू किंवा कयाक असेल तर वल्ह्याचा असला तरी रजिस्टर करावा लागतो, हे इथलं वैशिष्ट्य. मोटरची बोट चालवायला १ जुलै २०२५ पासून टप्प्याटप्प्याने परमिट सक्तीचं होतंय, तरुणांपासून सुरुवात केली आहे, ऑनलाइन कोर्स करून मिळतं. बोटीत प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट हवंच आणि बोट चालू असताना १० वर्षांखालच्या मुलांनी ते घातलेलंच हवं. मी म्हणतो मोठ्यांनी पण घाला. आपल्यातल्या किती जणांना खरंच पोहता येतं? आणि येत असलं तरी मे महिन्यात वर ७५ डिग्री ऊन आणि खाली पाणी ५० डिग्रीचं असतं, फॅरनहाइट, त्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासच सावरत नाही, पोहणं दूरची गोष्ट.

झेब्रा मसल नावाचे नखाएवढे शिंपले आणि युरेशियन वॉटरमिलफॉइल ही पाणवनस्पती, हे बाहेरून आलेले पाहुणे एका तलावातून दुसऱ्यात बोटींबरोबर जातात. मिनेटोंका तलावात झेब्रा मसल २०१० मध्ये सापडले. म्हणून पाण्यातून बोट काढली की तिथेच गवत-चिखल काढायचा, सगळं पाणी सोडायचं, आणि ड्रेन प्लग (बोटीतलं पाणी सोडायचं बूच) काढून ठेवूनच रस्त्यावर गाडी न्यायची, प्लग लावलेला दिसला तर दंड होतो. उरलेलं आमिष कचऱ्यात, गांडुळं पण कचऱ्यातच. मातीत सोडली तर पुण्य लागेल असं वाटतं, पण इथल्या उत्तरेकडच्या जंगलांत मुळात गांडुळं नव्हतीच, बाहेरून आलेली गांडुळं जमिनीवरचा पालापाचोळा फस्त करतात आणि जंगलाची वाट लागते.

मासेमारीच्या पलीकडचं थोडक्यात

सगळ्या घराला गळात रस नसतो, म्हणून स्टेट पार्कचं वर्षाचं परमिट घेऊन टाका. इटास्का पार्क १८९१ चं, तिथे मिसिसिपी नदी उगम पावते आणि दगडांवरून चालत ती ओलांडता येते, आजी-आजोबांना हे हमखास आवडतं. डुलुथच्या पुढे हायवे ६१ ने गूसबेरी फॉल्स, स्प्लिट रॉक लाइटहाउस, टेटेगूची ही पार्कं लागतात. कॅम्पिंगची जागा १२० दिवस आधी बुक होते आणि जुलै-ऑक्टोबरचे वीकेंड पटकन भरतात. जळाऊ लाकूड घरून न्यायचं नाही, किडी पसरतात, पार्काजवळच मान्यताप्राप्त विकत घ्या.

गवतातून चालून आलात की अंगावर गोचीड शोधा, गुडघ्यामागे, काखेत, केसांत. तीळाएवढा हरणाचा गोचीड लाइम डिसीज देतो. पँट मोज्यात खोचलेली दिसायला विचित्र दिसते, खोचा.

बाउंड्री वॉटर्स, म्हणजे कॅनडाच्या सीमेवरचं ते कनूचं जंगल, पहिल्या वर्षी नको. १ मे ते ३० सप्टेंबर रात्री राहायला कोटा परमिट लागतं, ग्रुप जास्तीत जास्त ९ जणांचा आणि ४ बोटींचा, डबाबंद खाणं आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी. लोणच्याची बरणी घरी ठेवा, प्लास्टिकच्या डबीत भरून न्या.

हिवाळ्यात

आइस फिशिंग करून बघाच, पण बर्फाचा हिशोब पाठ करून. नवीन, स्वच्छ, काचेसारखा बर्फ असेल तर चालायला कमीत कमी ४ इंच, स्नोमोबाइलला ५ ते ७, छोट्या गाडीला ९ ते १०, मध्यम ट्रकला १३ इंच. पांढरा, बर्फ-चुरा मिसळलेला असेल तर दुप्पट जाडी धरायची. दुसऱ्याची गाडी उभी दिसली म्हणून आपली नेऊ नका, एकाच तलावावर दोन ठिकाणी जाडी वेगळी असते, आणि झरा किंवा नदीचं तोंड असेल तिथे तर फारच. गळ्यात आइस पिक्स (बर्फात रोवायच्या टोकदार मुठी) अडकवा, आत पडलात तर त्यांनीच बाहेर येता येतं. तंबूत हीटर लावलात तर हवा खेळती ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म न्या. बर्फातून मात्र दोन लाइन टाकायला परवानगी असते.

स्वतः ऑगर (बर्फाला भोक पाडायचं गिरमिट), तंबू, हीटर घेण्याआधी मिल लॅक्स किंवा लेक ऑफ द वूड्सवरच्या एखाद्या रिसॉर्टचं तापवलेलं फिश हाउस चौघांत मिळून एका दिवसासाठी भाड्याने घ्या. भोकं तेच पाडून देतात, बर्फावर नेणं-आणणं पण बरेचदा तेच करतात, आतमध्ये स्टोव्ह असेल तर चहाचं सामान आणि पत्ते न्या. बुकिंग करताना दोन गोष्टी विचारून घ्या, आमिष भाड्यात धरलंय का आणि संडासची सोय काय आहे. दुसरा प्रश्न विचारायला लाजू नका, उणे २० मध्ये त्याचं उत्तर माहीत असलेलं बरं असतं.